आईच्या साच्यांचा पत्ता

सोमवार, ४ मार्च

आज आई हो म्हणाली. हे वाक्य लिहून मी थांबले आणि परत वाचून पाहिलं. हो, म्हणाली.

अट एकच. तिचे कपड्यांचे कागदी साचे घराबाहेर राहायला जायचे नाहीत. लोकांनी ते बघावेत, उतरवून घ्यावेत, छापावेत, त्यावरून कापड कापावं, याला तिची ना नाही. पण त्यांचा मुक्काम आपल्याच घरात. मी समजावून पाहिलं की इंटरनेटवर जागा भाड्याने मिळते, तिथे ठेवले की सगळं सोपं होतं. ती म्हणाली, "ठेवले होते एकदा दुसऱ्याकडे. त्या रेडीमेडवाल्याकडे. परत आले तेव्हा प्रत्येक कोपऱ्याला टाचणीची नवी भोकं होती."

तर साचे घरीच राहतील. आमच्या छपाईच्या दुकानातून मोडीत काढलेला संगणक मालकांनी मला दिला आहे. (फुकट घेणं बरं वाटेना म्हणून मी सलग दोन रविवार दुकानाचं कपाट आवरून दिलं.) दुकानात इमारतींचे मोठे नकाशे छापतात, त्यासाठी रुंद स्कॅनर आहे. त्यावर आईचे खाकी कागदाचे साचे मी एकेक करून घेतलेच आहेत. बाळाच्या झबल्यापासून मोठ्या मुलीच्या फ्रॉकपर्यंत. स्कॅनला कागद लागत नाही हे मालकांना मी दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

संगणक आईच्या कापायच्या टेबलाखाली बसवला. साचे त्यात राहतील आणि लोक इंटरनेटवरून तिथेच येऊन ते बघतील. बाबा फर्निचरला पॉलिश करतात. त्यांनी त्याच्यासाठी एक बुटका पाट करून त्याला असं चकचकीत पॉलिश मारलं की आता त्यावर ठेवलेला संगणकच भिकारडा दिसतो.

हे सगळं ज्यांच्यासाठी, त्या शिवणवर्गाच्या बाई. त्यांच्या वर्गाच्या गावोगावी शाखा आहेत. मुलांच्या कपड्यांचे चांगले साचे त्यांना वर्षभरासाठी हवेत, आणि कुठल्याही शाखेतून उघडता आले पाहिजेत. पंचवीस तारखेला सगळ्या शिक्षिकांची बैठक आहे. तिथे त्या आमचे साचे पडद्यावर दाखवणार आणि मग ठरवणार. आई तीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाने शिवते आहे. तिची मापं इतरांनी वापरावीत असं कुणी पहिल्यांदाच विचारलं.

बुधवार, ६ मार्च

एक अडचण निघाली. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक नंबर असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. आमचा नंबर बदलता आहे. आज एक, परवा दुसरा. तो बदलला की बाईंना आमचं घर सापडणार नाही. न बदलणारा, म्हणजे स्टॅटिक नंबर, मागून घ्यावा लागतो.

इंटरनेट कंपनीचा लाइनवाला आला होता. वय माझ्याएवढंच, पण बोलतो एखाद्या मुख्याध्यापकासारखा, शब्द मोजून. मी विचारलं, सुरक्षित कोणता?

"घरापुरता बदलता बरा," तो म्हणाला. "दारावरची पाटी दर दोन दिवसांनी बदलते असं समजा. कुणी आज नजर ठेवली, तर उद्या तो भलत्याच घरासमोर उभा."

मावशी खालच्या मजल्यावर राहते, पण आमच्याकडे बाहेरचं कुणी आलं की वर असते. ती म्हणाली, "मग आमचं गिऱ्हाईकही भलत्याच घरासमोर उभं राहील की."

तो हसला. म्हणाला, बदलत्या नंबराच्या मागोमाग फिरणारं एक नावही घेता येतं. पण बाईंच्या वर्गातल्या संगणकांवर ठरावीक नंबरच उघडतात, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. नाव चालणार नाही.

"मग स्टॅटिकच घ्या. फक्त एवढं की तुम्ही कायम त्याच जागी सापडणार. ज्याला हवं त्याला आणि ज्याला नको त्यालाही."

त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप जाणार. आई मात्र त्याला दुसरा चहा विचारत होती.

शुक्रवार, ८ मार्च

दोन दिवस डोक्यात तेच. दुकानात एका इमारतीच्या नकाशात जिन्याचं पान उलटं लावलं. बदलता घेतला तर आम्ही सुरक्षित, आणि कुणालाच न सापडणारे. स्टॅटिक घेतला तर सापडणारे, आणि माहीत नाही काय काय. मी घरातली पहिली शिकलेली, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. पण कॉलेजात आम्हाला टायपिंग, हिशेबाचे तक्ते आणि थोडंसं वेबसाइटचं शिकवलं. दाराला कडी कशी लावायची ते कुणी शिकवलं नाही. बाकी सगळं मी व्हिडिओ बघून केलं आहे, आणि व्हिडिओतला माणूस फार भरभर बोलतो.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं? पण दुकान टाकायचं आणि पाटी लावायची नाही, असं कसं चालेल?"

अर्ज केला. स्टॅटिक.

शनिवार, ९ मार्च

नंबर आला. चार तुकड्यांचा आहे. बाबांनी संध्याकाळपर्यंत तो पाठ केला आणि मावशीला म्हणून दाखवला. मावशीला वाटलं लॉटरी लागली.

दुपारी मी दुकानातल्या संगणकावर तो नंबर टाकला. आधी पांढरं पान. आणि मग हळूहळू, वरून खाली, आईचा फ्रॉक उतरत आला. कंबरेची चुणी, गोल कॉलर, आणि कोपऱ्यात तिच्या अक्षरात "पुढचा भाग". टेबलाखालच्या पाटावरून निघून तो गावाच्या या टोकाला आला होता. मी मालकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "छान." मला वाटतं त्यांना नीट कळलं नाही, नाहीतर ते खाली बसले असते.

एक सोय करून ठेवली. दुकानातून आमच्या संगणकात शिरून दुरुस्त्या करता याव्यात म्हणून एक वेगळं दार उघडं ठेवलं. नाव आणि पासवर्ड घातला की आत. व्हिडिओत तसंच होतं.

सोमवार, ११ मार्च

लोक आले आहेत.

मी नीट लिहिते, कारण माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. संगणक कोण आलं-गेलं त्याची नोंद आपोआप ठेवतो. सकाळी ती सहज उघडली तर पानंच्या पानं भरलेली. मारिया, डेव्हिड, ॲना, टेस्ट, ॲडमिन. एकेक जण कितीदा तरी आलेला. नंबरांवरून कुठून आले तेही कळतं. मी काही शोधले तर थेट समुद्रापलीकडचे निघाले. ॲडमिन म्हणजे बहुतेक बाईंच्या वर्गाचं ऑफिस. टेस्ट म्हणजे कुणीतरी साचा तपासून बघतंय.

आईला वाचून दाखवलं. ती टाचण्या तोंडात धरून ऐकत होती, त्या तिने एकेक काढून ठेवल्या. "मारिया," ती म्हणाली. "कुठली?"

"लांबची. फार लांबची."

"तिकडेही पोरं फ्रॉक घालतातच." आणि परत टाचण्या लावायला लागली. पण मी पाहिलं, ती एकाच जागी तीन टाचण्या लावत होती.

मावशीने खाली जाऊन सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं.

मंगळवार, १२ मार्च

आज जरा अस्वस्थ आहे. नोंदीत प्रत्येक नावापुढे "प्रवेश नाकारला" असं आहे. म्हणजे लोक त्या दुसऱ्या दारावर जातात, पासवर्ड चुकतो आणि परत जातात. साच्यांच्या पानावर पासवर्ड लागत नाही, पण त्यांना ते कसं कळणार?

आईला सांगितलं तर तिने कात्रीच खाली ठेवली. "इतक्या लांबून येऊन माणसं कडी वाजवताहेत आणि तू आत बसून त्यांची नावं लिहून घेतेस?"

"अगं, पासवर्ड असतो तो."

"मग त्यांना सांग तो."

"तो माझा आहे."

"मग त्यांना वेगळा दे. पाहुणा दारात आला तर आपण आधी आत घेतो आणि मग कोण म्हणून विचारतो. का तुला कॉलेजात उलटं शिकवलं?"

मला लाज वाटली. पाहुण्यांसाठी वेगळं खातं काढलं. नाव गेस्ट, पासवर्डही गेस्ट, कुणालाही सुचेल असा. त्यांना काही पुसता येणार नाही, फक्त आत येता येईल, अशी काळजी घेतली.

अर्ध्या तासात नोंदीत आलं: गेस्ट, प्रवेश दिला. आईला हाक मारून दाखवलं. तिने पदराने पडदा पुसला.

शुक्रवार, १५ मार्च

संगणकाचा पंखा दिवसभर घुमतो आहे. टेबलाखाली हात घातला तर ऊब लागते. मावशीचं मांजर तिथून हलत नाही. धंदा जोरात आहे असं बाबा म्हणतात. फोनवर गाणं लावलं तर अडकत अडकत येतं, इतकी आमची लाइन भरली आहे.

लाइनवाला आला होता, न बोलावता. हा या आठवड्यातला त्याचा दुसरा फेरा. म्हणाला, वायर तपासायची आहे. वायर तपासायला तो माझ्याशी बोलत उभा कशाला राहतो, कळत नाही. मला वाटतं त्याचा माझ्या कामावर विश्वास नाही.

"तुमच्याकडून फार माल बाहेर चाललाय," तो म्हणाला. "काय चालवता?"

"पाहुणे येतात," मी सांगितलं. जरा तोऱ्यातच.

"मी बघू का एकदा?"

मी नको म्हटलं. माझं काम मी तपासलेलं असतं. तो बरं म्हणाला आणि चहा न घेता निघाला, तर आई माझ्यावरच उखडली.

शनिवार, १६ मार्च

खरं ते लिहिलं पाहिजे. एक गोष्ट मला खटकते आहे. इतके लोक येतात, पण साचे उतरवून कुणीच घेत नाही. उतरवल्याची नोंद वेगळी असते. तिच्यात फक्त मी आहे, दुकानातून, आणि बाई, पहिल्या दिवशी.

आईला सांगितलेलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

बाईंचा फोन आला. त्या चिडून बोलत नाहीत, ते जास्त वाईट.

"आज तुमचं पान उघडायला गेले तर लाल पडदा आला. हा पत्ता धोकादायक आहे, म्हणे. आमच्या सगळ्या संगणकांवर तसंच येतंय. काय केलंत?"

"मी काहीच केलं नाही, बाई."

"पंचवीसला मला शिक्षिकांसमोर उघडायचंय हो. दुसऱ्या एका कंपनीचे साचेही समोर आहेत माझ्या. तुमच्या आईचे चांगले आहेत म्हणून थांबले होते."

होते, म्हणाल्या. आई समोरच काजं करत होती. मी फोन ठेवला आणि म्हटलं, बाई मजेत आहेत.

बुधवार, २० मार्च

लाइनवाला आला, या वेळी कंपनीचा निरोप घेऊन. आमच्या नंबरावरून जगभर हजारो खोट्या जाहिरातींची ईमेल पत्रं चालली आहेत. ती थांबली नाहीत तर लाइन तोडणार.

मी त्याला टेबलाखाली जाऊ दिलं. त्याने नोंद उघडली, वर-खाली केली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"ही मारिया कोण?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"ही माणसं नाहीत. यंत्रं आहेत. दिवसरात्र जगातल्या प्रत्येक नंबराचं दार हलवून बघतात. नावं अंदाजाने घालतात, पासवर्डही अंदाजाने. कुठे लागला की आत शिरायचं आणि तिथून पत्रं पाठवायची." मग त्याला ते खातं दिसलं. "हे गेस्ट कुणी काढलं?"

"मी," आई म्हणाली, माझ्या आधी. "मीच सांगितलं तिला."

त्याने मान खाली घातली. हसू लपवत होता की काय माहीत नाही. मला तरी त्याचा राग आला नाही.

"म्हणजे चोर होते," आई म्हणाली.

"हो, काकू."

"माझे साचे नेले?"

त्याने पाहिलं. मीही पाहिलं. साच्यांच्या कप्प्याला कुणी हात लावला नव्हता. एकदाही उघडला नव्हता.

"सगळे जिथल्या तिथे आहेत," तो म्हणाला. त्याला वाटलं ही चांगली बातमी आहे.

आई बघतच राहिली. "इतके दिवस घरात होते, आणि एकानेही उघडून बघितले नाहीत?"

ती उठून आत गेली. बाबा मला हळूच म्हणाले, "चोरांना काय कळतं?"

गुरुवार, २१ मार्च

लाइनवाला सकाळीच आला. त्याने उपाय आणला आहे आणि तो मोहात पाडणारा आहे.

आमचा नंबर "वाईट पत्त्यांच्या" यादीत गेला आहे. अशा याद्या काही लोक ठेवतात आणि सगळ्या जगाचे संगणक त्या बघून दार उघडतात किंवा लावतात. नाव काढून घेता येतं, पण आधी घर साफ करायचं, मग त्यांना लिहायचं, आणि मग ते त्यांच्या सवडीने. पंचवीसच्या आत होईल याची खात्री नाही.

"नाहीतर मी आज तुम्हाला दुसरा नंबर देतो," तो म्हणाला. "कोरा. बदनामी जुन्या नंबराबरोबर जाईल. बाईंना नवा कळवा, सोमवारची बैठक पार पडेल."

मी आनंदाने रडायचीच बाकी होते. मग, मला प्रश्न विचारायची खोड आहे म्हणून, विचारलं: "हा जुना कुठे जातो?"

"परत साठ्यात. बदलत्या नंबरांमध्ये टाकतील."

"म्हणजे कुणाच्या तरी घरी येईल."

"येईल की."

"आणि त्यांना लाल पडदा दिसेल."

"पत्रं परत येतील, काही पानं उघडणार नाहीत. त्यांना कळणारही नाही का ते. असं रोज होतं हो. तुमच्या आधीच्या नंबरांनाही कुणाची तरी घाण लागलेली असेल."

तो गेल्यावर मी घरात सांगितलं. बाबा ब्रश साफ करत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "या खोलीत आलो तेव्हा वर्षभर आधीच्या बिऱ्हाडाच्या नावाने माणसं येऊन शिव्या देऊन जायची. तू लहान होतीस. दारामागे लपायचीस."

मी आईकडे पाहिलं. बैठक तिची, साचे तिचे. मी म्हटलं, "आई, तू सांगशील तसं. नवा घेतला तर सोमवारी नक्की दिसेल. हा ठेवला तर कदाचित नाही."

ती हातातल्या बाहीचा दोरा ओढत होती. बराच वेळ ओढला. "ज्यांच्याकडे जाईल त्यांच्याकडे तुझ्यासारखी कुणी शिकलेली असेल का?"

"माहीत नाही."

"मग ठेव हाच," ती म्हणाली. "आपण घाण केली, आपणच पुसू."

मी लगेच लाइनवाल्याला फोन केला, माझं मन फिरायच्या आत. तो म्हणाला, "खरंच?" आणि मग, "मी रविवारी येतो. सुट्टी आहे मला." सुट्टीच्या दिवशी कंपनी पैसे देत नाही, तर तो का येतो? उपकार डोक्यावर चढत चालले आहेत.

रविवार, २४ मार्च

थकले आहे, पण काय दिवस गेला.

संगणक मुळापासून पुसला. सगळंच. पाहुण्यांनी काय काय लपवून ठेवलं असेल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे निवडत बसण्यात अर्थ नव्हता. साच्यांच्या प्रती मी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. (माझ्या भित्रेपणाचा हा एक फायदा.) मग परत सगळं बसवलं. ते दुसरं दार बाहेरून कायमचं बंद. दुरुस्त्या आता घरी बसूनच करायच्या. उघडं राहील ते फक्त साच्यांचं पान, आणि तिथून बघता येईल, नेता येईल, आत शिरता येणार नाही. घरातले फोन वेगळ्या जोडणीवर टाकले, म्हणजे या संगणकाला काही झालं तरी त्याची झळ त्यांना लागायला नको. राउटरचा पासवर्ड कंपनीने पहिल्या दिवशी दिलेलाच चालू होता. मी तो बदलला तेव्हा लाइनवाल्याने तोंड फिरवलं, म्हणजे त्याला दिसू नये म्हणून. मला ते फार आवडलं.

मी त्याला विचारलं, बदलता नंबर ठेवला असता तर हे टळलं असतं का? तो म्हणाला, "गेस्ट-गेस्ट ठेवून? दुपारपर्यंतही टिकला नसतात." नंबर कोणताही असो, दार उघडं तर उघडंच. फरक इतकाच की बदलत्या नंबरावरून माणूस निघून जाऊ शकतो. स्टॅटिकवर निस्तरावं लागतं.

यादीवाल्यांना लिहिलं. काय झालं ते सगळं लिहिलं, पाहुण्यांचंसुद्धा. लाइनवाला म्हणाला, इतकं सांगायची गरज नसते. पण मग अर्धवट वाटलं असतं.

सोमवार, २५ मार्च

उघडलं नाही.

बाईंनी बैठकीत तीनदा प्रयत्न केला. लाल, लाल, लाल. नंतर त्यांनी दुसऱ्या कंपनीचे साचे दाखवले. निर्णय या आठवड्यात घेऊ म्हणाल्या. मी झालेलं सगळं त्यांना फोनवर सांगितलं, नंबर का बदलला नाही तेही. त्या म्हणाल्या, "बरं."

आई दिवसभर शिवत राहिली. संध्याकाळी तिने मला विचारलं, "पंखा का वाजत नाही?"

"आता कुणी नाहीये ना."

"बरं वाटायचं ऐकायला," ती म्हणाली.

बुधवार, २७ मार्च

यादीतून नाव निघालं. दुपारी कळलं. दुकानात पान उघडलं आणि ते नुसतं उघडलं. मी मालकांना परत बोलावलं. ते परत "छान" म्हणाले.

बाईंना निरोप टाकला. उत्तर नाही.

नोंद बघितली. यंत्रं अजून येतातच, पण आता त्यांना दारच नाही, भिंतीवरून हात फिरवून जातात. मी त्यांची नावं वाचत नाही. एक जुनी सवय म्हणून मारिया शोधली. होती.

शनिवार, ३० मार्च

सकाळी उतरवल्याच्या नोंदीत एक नवा नंबर. पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक: पुढचा भाग, मागचा भाग, बाही. एवढंच. मी आईला सांगितलं नाही. मागच्या वेळची चूक परत नको. यंत्र असेल तर?

दुपारी फोन वाजला. बाईंच्या एका शाखेतल्या शिक्षिका. आवाज चढलेला.

"तुमचा साचा चुकलाय. फ्रॉक सगळीकडून घट्ट होतोय. बाही काखेत ओढते, पोरीला हात वर करता येईना. बाईंनी मला सांगितलं होतं, एक शिवून बघ, घरच्या पोरीला बसला तर वर्षभर हेच साचे घेऊ. आता मी काय सांगू त्यांना?"

मी फोन आईकडे दिला. मला वाटलं ती रडेल. ती खुर्ची ओढून बसली.

"घट्ट म्हणजे किती? बोट जातं का? ... बरं. तुम्ही शिवणीला माया किती सोडलीत?"

तिकडून काहीतरी.

"रेघेवर कापलंत? अहो, रेघ शिवणीची आहे. तिच्या बाहेर बोटभर कापड सोडायचं."

तिकडून जोरात काहीतरी.

"लिहिलेलं कुठे असणार? मी कधी लिहिलंच नाही. माझा हात सोडतोच." आई थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत गेलं. "तुमचं बरोबर आहे. तुमच्या हाताला कसं कळणार? उद्या दुपारपर्यंत नवा साचा ठेवते. तुम्ही कापड वाया गेल्याचं मनावर घेऊ नका, आणि पोरीलाही रागावू नका. ती हलली म्हणून बसला नाही असं काही नाही."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "ही खरी आहे ना?"

"खरी आहे, आई."

"भांडखोर आहे." आणि इतकी खूश होती की तिने खाकी कागदाची अख्खी गुंडाळी जमिनीवर सोडली.

रविवार, ३१ मार्च

सकाळपासून आई गुडघ्यांवर. प्रत्येक रेघेबाहेर दुसरी, तुटक रेघ. बाबा पट्टी धरून. मावशी सूचना देत. मालकांनी सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून दिलं आणि तिथे मी ते तीन कागद स्कॅन केले. घरी येऊन पानावर चढवले आणि वर ठळक लिहिलं: कापायचं तुटक रेघेवर. आणि मग नोंद उघडून बसले. लाइनवालाही होता, वायर तपासायला. वायर माझ्या खुर्चीमागे आहे असं दिसतं.

तो नंबर आला. तिन्ही भाग उतरवले. गेला.

मग काहीच नाही. तिला कापायचं, शिवायचं. आईने चहा केला, कुणी प्यायला नाही. मी मनातल्या मनात बाईंच्या नकाराचं उत्तर जुळवत होते, सभ्य आणि थोडक्यात.

फोन आला तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. मी आवाज मोठा केला. आधी नुसता पोरीचा आवाज, लांबून, कुणीतरी तिला उभी राहा म्हणत होतं. मग शिक्षिका.

"बसला," त्या म्हणाल्या. "थांबा. हात वर कर गं. ... केला."

आई फोनवर वाकली. "एकच?"

"अहो, एका हातात बिस्किट आहे तिच्या. ... दे इकडे ते. हां. आता दोन्ही. दोन्ही वर आहेत. मी लगेच बाईंना कळवते. आता नाचतेय बघा."